रूटकाका

आमचा कॉम्प्युटर हळू चालतो ही बातमी सोसायटीत कोणी पसरवली ते कळलं नाही. बहुधा मीच जिन्यात बोललो असणार. संध्याकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात रूटकाका. खिशात स्क्रू-ड्रायव्हर, गळ्यातल्या दोरीला पाच पेनड्राइव्ह, आणि चेहऱ्यावर तो आनंद, जो कोणाकडे लग्न ठरल्याचं ऐकून आचाऱ्याच्या चेहऱ्यावर येतो.

"रीस्टार्ट केलास का?"

"हो, दोनदा."

काकांनी डोळे मिटले. "पुरावा नष्ट केलास."

काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमन वाचतो. लिनक्समध्ये ज्याला सगळे अधिकार असतात त्याला रूट म्हणतात. काकांना हे अधिकार सोसायटीतल्या अकरा घरांत आहेत. स्वतःच्या घरात नाहीत, तिथे काकू आहेत. जन्मभर हिशेबनिसाची नोकरी केलेल्या या माणसाला लिनक्सचा नाद लागला तो उबुंटूच्या सीडींमुळे. त्या काळी मागणी नोंदवली की सीडी परदेशातून पोस्टाने फुकट घरी यायच्या. फुकट आणि घरपोच म्हटल्यावर पुण्यात आणखी काय हवं? २०११ साली ती योजना बंद झाली. उरलेल्या सीडी काकांनी गॅलरीत कबुतरांसाठी टांगल्या आहेत. विंडोजच्या सीडीला कबुतरं घाबरत नाहीत, असं त्यांचं निरीक्षण आहे.

माझं दुखणं साधं होतं. दिवाळी अंकाचा लेख द्यायचा होता आणि लिबर ऑफिस उघडायला कुकरच्या चार शिट्ट्या लागत होत्या. उघडल्यावरही सुख नाही. मधेच सगळं थिजायचं, अर्धा मिनिट माउसचा बाणही ढिम्म, आणि मग दाबलेली सगळी अक्षरं एस.टी.तून उतरणाऱ्या वऱ्हाडासारखी एकदम पडद्यावर सांडायची.

मी आपलं निदान सांगून टाकलं. "रॅम भरलीये काका. आठ जीबीतली जेमतेम दोनशे एमबी रिकामी दाखवतोय."

चूक झाली. काका खुर्चीत नीट मांडी घालून बसले. "रिकामी रॅम म्हणजे वाया गेलेली रॅम. एकदा वाचलेल्या फायली लिनक्स तिथे हाताशी ठेवतो, कोणाला जागा लागली की लगेच सोडतो. 'फ्री'चा रकाना बघू नकोस, 'अव्हेलेबल'चा बघ. पाच जीबी आहे. पैसे एफडीत आहेत म्हणून माणूस कफल्लक होतो का?" जन्मभराचा हिशेबनीस बोलला.

मग काळी खिडकी उघडली. काका माउसला हात लावत नाहीत, तो त्यांच्या लेखी सोवळ्यातला नाही. 'टॉप' नावाची आज्ञा दिल्यावर आकडे नाचायला लागले. वरच्या ओळीत लोड अ‍ॅव्हरेज: नऊच्या पुढे. प्रोसेसरला कोअर चार, आणि तो मात्र जवळजवळ झोपलेला.

"कामं नाहीत तर लोड कसला?" मी विचारलं.

इथे काकांचं मोठेपण मान्य करायला हवं. ते म्हणाले, "मिसळीचं हॉटेल समज. आचारी हातावर हात धरून बसलाय. नऊ गिऱ्हाइकं बाकड्यावर ताटकळलीत. का? तर पाव आणायला गेलेला पोऱ्या परत आलेला नाही. लिनक्स ही ताटकळणारी गिऱ्हाइकंसुद्धा लोडमध्ये मोजतो. आणि ही जात अशी की 'किल नाइन' दिलं तरी मरत नाही. पाव येईपर्यंत बाकडं सोडणार नाही."

पोऱ्या म्हणजे हार्ड डिस्क, हे मला एका झटक्यात कळलं. म्हणजे काकांना रोग पहिल्या दहा मिनिटांत सापडला होता. पण अट्टल गवई थेट द्रुत गात नाही. काकांनी विलंबित लावला.

पहिल्या संध्याकाळी स्वॅपिनेस. रॅमच्या ओट्यावरचं सामान स्वॅपच्या माळ्यावर कधी टाकायचं, ते ठरवणारा हा आकडा. तो साठाचा दहा केला. दुसऱ्या संध्याकाळी बूट होताना कोण किती वेळ खातं त्याची यादी काढली आणि एक सेवा बंद करून चार सेकंद वाचवले. ती सेवा प्रिंटरची होती, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. नंतर फायलींची सूची करत बसणाऱ्या ट्रॅकरचा कान पिळला. ग्नोमचा डेस्कटॉप जाऊन एक्सएफसीईचा आला, त्याबरोबर नातवाचा पडद्यावरचा फोटो गेला. दर उपायानंतर काका मान वळवून विचारत, "फरक वाटतो?" हा प्रश्न ते अशा आशेने विचारतात की 'नाही' म्हणवत नाही. मी म्हणायचो, "थोडासा." त्या 'थोडासा'वर काका आणखी एक तास बसायचे.

लेखाचा एक परिच्छेद झाला होता. संपादकांचे तीन फोन येऊन गेले होते.

तिसऱ्या संध्याकाळी नाइलाजाने, सगळं करून झाल्यावर, काकांनी 'डीमेसेज' वाचायला घेतलं. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्यात आपलं सगळं रडगाणं लिहून ठेवतो. ओळींमागून ओळी लाल. डिस्कला निरोप गेला, उत्तर नाही, तीस सेकंद वाट पाहिली, जोडणी झटकून पुन्हा लावली. पुन्हा तेच. शेवटी कंटाळून कर्नलने डिस्कच्या साटा जोडणीचा वेगच सहावरून दीड गिगाबिटवर आणला होता.

"डिस्क गेली?" माझ्या पोटात गोळा आला. लेखाची एकच प्रत तिच्यात होती.

काकांनी डिस्कची कुंडली मागवली. खराब सेक्टर शून्य, संशयित सेक्टर शून्य. फक्त १९९ क्रमांकाच्या घरात, जिथे जाता-येता बिघडलेले निरोप मोजतात, तिथे दीड हजारावर आकडा. काका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"पोऱ्या चांगला आहे रे," ते हळूच म्हणाले. "रस्ता खणलाय."

कॅबिनेट उघडलं. साटाची लाल केबल एका बाजूने सैल, कोपऱ्यात दुमडलेली. गणपतीच्या आधी धूळ काढायला ते कॅबिनेट कोणी उघडलं होतं, हा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. काकांच्या घरी ड्रॉवरमध्ये जुनी केबल होती. ती आणून लावायला चार मिनिटं लागली, त्यातली तीन लिफ्टची. लिबर ऑफिस पहिल्या शिट्टीच्या आत उघडलं.

मी टाळी द्यायला हात पुढे केला. काकांचा चेहरा मात्र उतरला होता. काढलेली केबल ते बोटांत फिरवत होते. तीन संध्याकाळी कर्नलशी झुंज दिल्यावर शत्रू निघाला ऐंशी रुपयांचा.

"आता उघडलंच आहे, तर नवा कर्नल टाकून बघू या?"

"नको काका."

"निदान शेड्युलर?"

मी चहा पुढे केला. प्यायले, उठले, दारापाशी थांबले. "पुन्हा हळू झाला तर रीस्टार्ट करू नकोस. आधी मला हाक मार."

काकांचा स्वतःचा कॉम्प्युटर गेले तीन आठवडे टेबलावर उघडा पडलाय, त्यावर कुठलंसं नवं डिस्ट्रो चढतंय. काकू विजेचं बिल मोबाईलवरून भरतात.

काका सध्या मोकळे आहेत. तुमच्याकडे काही हळू चालत असेल तर सांगा. ते साडेसहानंतर येतात, चहा बिनसाखरेचा घेतात. प्रिंटर मात्र आधी वापरून घ्या.