उसनी काळजी

सुरतेच्या पांडेसऱ्यात काळजीचा तुटवडा कधीच नव्हता. सुताचा भाव, मिलच्या बॉयलरला लागणारा कोळसा, व्यापाऱ्याकडे अडकलेलं पेमेंट, गावाकडे साक्री-शिंदखेड्यात न पडलेला पाऊस. सोमवार ते शनिवार प्रत्येकाच्या वाट्याला आपापला ताका नीट मोजून येतो. तरीही रविवारी दुपारी इथल्या एका वरच्या मजल्यावरच्या खोलीत चार संसारी, केस पिकत आलेली माणसं जमतात आणि आणखी थोडी काळजी उसनी घेतात. नदीचा पूल फौजेचं ओझं पेलेल का, बैलांना चारा पुरेल का, पाऊस लागायच्या आत दारूगोळा पोचेल का. ज्यांच्या वतीनं ही काळजी करायची ते सेनापती कधीच मातीत गेले, आणि त्यांच्या फौजा अर्ध्या इंचाच्या पुठ्ठ्याच्या चौकोनांवर मावतात. या उद्योगाला युद्धखेळ म्हणतात. तो मला मनापासून आवडतो.

बुद्धिबळाचा मला पूर्ण आदर आहे, पण बुद्धिबळातला घोडा कधी उपाशी नसतो. तो अडीच घरं उडतो आणि पुन्हा उडायला तयार. त्याला चंदी कोण घालतं, नाल कुठे ठोकतात, हे पटावर कुणी विचारत नाही. आमच्या खेळांत सगळं त्या चंदीवर अडतं. शौर्य फाशांवर सोडलेलं असतं. माणसाची अक्कल पणाला लागते ती गाड्या, पोती आणि पखाली मोजण्यात. या पंथाचं एक काशीक्षेत्र आहे, जिथे जाणं होत नाही पण नाव निघालं की हात जोडायचे. न्यूयॉर्कच्या एसपीआय कंपनीनं 1979 च्या सुमारास काढलेला, रिचर्ड बर्ग यांनी रचलेला ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’. खेळायला दहा माणसं लागतात, नकाशा दहाएक फूट लांब, आणि डाव पुरा व्हायला अंदाजे 1,500 तास. आमच्यातल्या यंत्रमागवाल्यानं लगेच हिशेब केला: बारा तासांच्या सव्वाशे पाळ्या, आणि पगार शून्य. या खेळातला सर्वांत गाजलेला नियम असा की, इटालियन तुकड्यांना पास्ता उकडण्यासाठी वाळवंटात जादा पाणी पुरवावं लागतं. नाही पुरवलं तर त्यांची शिस्त ढळते. जग हसतं या नियमाला. मला मात्र तो वाचून भरून आलं. तोफगोळ्यांच्या त्या अफाट जमाखर्चात कुणाला तरी शिपायाच्या जेवणाची आठवण झाली होती.

हे वेड खानदानी आहे, बरं का. प्रशियाच्या राजाला राइसविट्झ नावाच्या सरदारानं 1812 मध्ये युद्धखेळाचं एक देखणं मेजच करून दिलं. त्याच्या मुलानं 1824 मध्ये नकाशा, फासे आणि पंच यांसकट नियम छापले, आणि सैन्यानं ते शिकवणीसाठी उचलले. एच. जी. वेल्सनं 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून प्रौढ माणसांना जमिनीवर पालथं झोपून खेळण्यातल्या तोफांनी शिशाचे शिपाई पाडायला शिकवलं. पुढच्याच वर्षी युरोपात खरं युद्ध पेटलं, आणि ते जमिनीवर मावलं नाही. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी 1954 मध्ये ‘टॅक्टिक्स’ विकायला काढला. त्यांच्याच अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीनं पुढे नकाशावर मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोन आणले.

ते षटकोन आमच्याकडे पॉलिएस्टरवर आहेत. यजमान प्रिंटिंगच्या धंद्यातला, त्यानं नाकारलेल्या कापडाच्या तुकड्यावर ते छापून आणले. सुरतेत कापडावर काय छापता येत नाही? फक्त हा नकाशा सपाट राहत नाही. घडी जिथे पडली तिथे भूगोलात नसलेला डोंगर उभा राहतो आणि त्याला वळसा घालायचा की इस्त्री करायची यावर वाद होतो. किल्ल्यांच्या जागी यंत्रमागाच्या रिकाम्या कांड्या उभ्या असतात. पंखा लावायचा नाही, हा पहिला नियम. कारण छताचा पंखा हे आमच्या खोलीतलं एकमेव विमानदळ आहे आणि ते शत्रुमित्र ओळखत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यात आम्ही घाम पुसत रशियातल्या हिमवर्षावाचे परिणाम तक्त्यात शोधत बसतो. वहिनी चहा घेऊन येतात, नकाशाला धक्का न लावता कप ठेवतात आणि विचारतात, “आज कोण मेलं, भाऊ?” आम्ही नेपोलियनची तब्येत सांगतो.

परदेशी खोकी महाग, आणि त्यांतली नावं जिभेवर बसेनात, तेव्हा आपलंच एखादं युद्ध मांडावं असं ठरलं. फार लांब जायची गरज नव्हती. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज गणदेवीच्या बाजूनं, म्हणजे दक्षिणेकडून, सुरतेवर आले. आणि पांडेसरा शहराच्या दक्षिणेलाच आहे. आमच्या जिन्याखालून नसेल, पण आसपासच्या शिवारातूनच ती घोडी गेली असणार. बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर तळ पडला, आमच्या खानदेशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या दरवाजाबाहेर. चार दिवस शहर मराठ्यांच्या हाती होतं. मोगल कुमक येत असल्याची खबर लागताच तळ उठला.

मराठे खेळतो आमचा ओडिशातल्या गंजामचा दोस्त. नियम सोपा आहे: घोड्यावर पोतं चढलं की चाल कमी होते, आणि कुमक रोज एकेक षटकोन जवळ येते. नवखा खेळाडू ‘आणखी एकच पोतं’ म्हणत बुडतो. गंजामवाला कधी बुडत नाही. दिवाळीच्या सुट्टीत ब्रह्मपूरच्या गाडीत सामानासकट चढलेला माणूस आहे तो. किती उचललं की दारातच अडकायला होतं, हे त्याच्या खांद्यांना ठाऊक आहे. शिवाय सुरतेला येऊन काहीतरी घरी न्यायचं, हे त्याला वेगळं समजावून द्यावं लागलं नाही. आम्ही सगळे त्याच मोहिमेवर आहोत. फक्त आमची मोहीम तीस-तीस वर्षं लांबते आणि कुमक कुठूनच येत नाही.

मी मराठी म्हणून मराठे घ्यावेत, अशी सर्वांची अपेक्षा होती. पण अन्न सुरतेचं खातो, म्हणून मी व्यापारी घेतले. त्या काळी जगातल्या मोठ्या धनिकांत गणला जाणारा वीरजी व्होरा माझ्याकडे असतो. त्याचा वाडा दर डावात लुटला जातो. इंग्रजांची वखारही माझ्याचकडे. जॉर्ज ऑक्झेंडननं ती लढून राखली, त्यामुळे तिथे मला उगाच शूर वाटतं. कापुचिन पाद्री आंब्रोझ यांचं घर आणि डच वखारीच्या एका दिवंगत दलालाचं घर यांना हात लावायचा नाही, असा नियम आम्ही घातलाय. पाद्री सज्जन म्हणून आणि दलाल दानशूर होता म्हणून ती घरं महाराजांनी सोडली, असं फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो. दुबळी बाजू मागून घेणं आमच्या घरचंच: माझे आजोबा धुळ्याकडच्या आमच्या गावी देवळाच्या ओट्यावर खडे मांडून वाघ-शेळी खेळायचे आणि नेहमी शेळ्या मागून घ्यायचे. वाघ काय, कुणीही होतं, असं त्यांचं म्हणणं. ते खडे उचलून खिशात टाकत आणि ओट्यावर कोरलेल्या रेघा दुसऱ्या दिवसासाठी तशाच राहत.

खरी अडचण आहे इनायतखानाची. हा सुरतेचा मोगल अंमलदार. शत्रू आल्याचं कळताच तो तापीकाठच्या किल्ल्यात शिरला आणि चार दिवस बाहेर आला नाही. किल्ल्यावरून त्यानं तोफा डागल्या, त्यांनी मराठ्यांपेक्षा सुरतेचंच नुकसान जास्त केलं. वाटाघाटीच्या नावाखाली खंजीर घेतलेला एक माणूस त्यानं महाराजांवर पाठवला, तो डाव फसला. एवढ्याच त्याच्या चाली. आणि मुळात शहर राखायला फौज का नव्हती? तर शिपायांचा पगार सरकारातून उचलला जात होता, शिपाई ठेवलेच नव्हते. फौज होती ती कागदावर. हे वाचलं तेव्हा खोलीत क्षणभर शांतता पसरली आणि आम्ही चौघांनी आपल्यासमोरच्या पुठ्ठ्याच्या पलटणींकडे पाहिलं. राइसविट्झच्या दीडशे वर्षं आधी सुरतेत एक पक्का युद्धखेळाडू होऊन गेला होता.

आमचे गुजराती शेजारी ही भूमिका करतात. किल्ल्यात बसून लोचो खायचा, एखादी तोफ डागायची, माझी दोन घरं पाडायची. त्यांनी एक तर्कशुद्ध दुरुस्ती सुचवली: खाल्लेल्या पगाराचे गुण खानाला मिळायला हवेत. आम्ही ते दिले, आणि तेव्हापासून दर डावात इनायतखानच जिंकतो. मग तोल सांभाळायला आम्ही शेवटचा नियम जोडला, तोही इतिहासातूनच. मराठे गेल्यावर खान बाहेर आला तेव्हा सुरतेच्या लोकांनी त्याच्यावर चिखलमाती फेकली होती. म्हणून डाव संपला की विजेत्यानं सगळ्यांचे कप विसळायचे.

सध्या शेजारी मुलीच्या लग्नाच्या गडबडीत आहेत आणि खानाची जागा रिकामी आहे. कुणाला यायचं असेल तर रविवारी दुपारी भेस्तान स्टेशनला उतरून पांडेसऱ्याची रिक्षा धरा. नियम आम्ही सांगू, लोचो वहिनी देतील. जिंकणार तुम्हीच, तेव्हा बाह्या दुमडता येतील असा शर्ट घाला. आणि पंख्याचं बटण कुठे आहे, हे मात्र विचारू नका.