जुनं बघण्याची शास्त्रोक्त पद्धत (कळस व पंचक्रोशीसाठी)

नवी वेबसिरीज लावली की ज्यांचा दुसऱ्या भागात डोळा लागतो, पण 'रामायणा'चं शीर्षकसंगीत शेजारून ऐकू आलं तर जे जेवणावरून उठतात, अशा कळस आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या पात्र व्यक्तींसाठी हे मार्गदर्शन आहे. वयाची अट नाही, सातबारा लागत नाही. मात्र "काय तेच तेच बघताय?" म्हणणारा एक तरी माणूस घरात असावा. त्याशिवाय या छंदाला धार येत नाही.

सुरुवात अँटेनापासून करावी. पुण्याचं प्रक्षेपण 1973 पासून सिंहगडावरून होऊ लागलं, म्हणून आपल्याकडच्या अँटेनाचं तोंड सिंहगडाकडे. इथून गड लांब, त्यामुळे बूस्टर लावूनही पडद्यावर माणसांपेक्षा मुंग्या जास्त असायच्या. या कामाला तिघं लागतात: एक पत्र्यावर, एक दारात, एक टीव्हीपुढं. पत्र्यावरच्यानं "आलं का?" विचारायचं, दारातल्यानं तेच आत ओरडायचं, आतल्यानं "आलं, आलं... गेलं!" म्हणायचं. "आता हात काढू नको, तसाच उभा ऱ्हा!" असा हुकूम आला की पत्र्यावरच्यानं बातम्या संपेपर्यंत पाइप धरून उभं राहायचं. दूरदर्शननं जमिनीवरची ही प्रक्षेपण केंद्रं 2022 पर्यंत जवळपास सगळी बंद केली, मग आता वर चढायचं कशाला, अशी शंका कोणी काढेल. काढू द्यावी. चढणं रद्द होत नाही. फक्त "गेलं!" हे उत्तर आता कायमचं बरोबर ठरतं, आणि पाइपवर सोडलेला दोडक्याचा वेल आधी बाजूला करावा लागतो.

मालिकेचं वेळापत्रक उसावर बसवावं. रामानंद सागरांचं 'रामायण' 25 जानेवारी 1987 च्या रविवारी सुरू झालं आणि 31 जुलै 1988 ला संपलं. भाग 78, आठवड्याला एक, म्हणजे दीड वर्ष. आडसाली उसाला लागतं तेवढंच. तेव्हा जुलैत लागण झाली की पहिला भाग लावावा, आणि ऊसतोडीची टोळी फडात शिरायच्या सुमारास रावण पडला पाहिजे. तोड लांबणार असेल तर लक्ष्मणाला दोन रविवार जास्त बेशुद्ध ठेवता येईल, पण ते ज्याचं त्यानं कारखान्याच्या स्लिपबॉयशी बोलून ठरवावं. टाळेबंदीत, 28 मार्च 2020 पासून, हीच मालिका पुन्हा दाखवली तेव्हा रोज सकाळी आणि रात्री असे भाग उरकले गेले. त्याला बघणं म्हणत नाहीत, ती कापणी झाली. सगळे भाग खिशातल्या मोबाइलवर आहेत हे पक्कं माहीत असूनही पुढच्या रविवारपर्यंत हात न लावणं, एवढीच या छंदातली अवघड तालीम.

जुनं सगळं चांगलंच होतं असं मात्र समजू नये. 'आमची माती, आमची माणसं' लागलं की घरातला खराखुरा शेतकरी आधी घोरायला लागायचा. व्यत्ययाची पाटी तर कधी कधी कार्यक्रमापेक्षा बरी वाटायची. पण दुसरं काही नसल्यानं सगळी आळी तीच पाटी बघायची, आणि दुसऱ्या दिवशी पारावर सगळ्यांना बोलायला तोच विषय असायचा. आता एका घरात पाच माणसं पाच मोबाइलवर पाच वेगळी भांडणं बघतात आणि जेवताना एकमेकांना "मीठ दे" एवढंच बोलतात.

सिनेमाबाबत एक स्थानिक खबरदारी. जब्बार पटेलांचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला 'सामना' 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. तिथल्या लोकांनी तो निर्धास्त बघितला असेल. आपल्याकडे चारी दिशांना कारखाने, आणि सिनेमातले हिंदुराव साखरसम्राट. म्हणून हा चित्रपट कारखान्याच्या निवडणुकीच्या तोंडावर लावू नये. लावलाच तर हिंदुराव झालेले निळू फुले पडद्यावर असताना शेजारी कोण बसलंय तिकडं बघू नये, आणि "हे म्हणजे अगदी आपल्या..." एवढं बोलून झाल्यावर खोकावं. डॉ. लागूंच्या मास्तरचं कौतुक करायला हरकत नाही. मास्तरला मतं पडत नाहीत. नातवानं सिनेमा दीडपट वेगानं लावायची सूचना केली तर त्याला रागावू नये. त्याला फक्त तंबूतल्या सिनेमाची शिक्षा द्यावी: जत्रेच्या मैदानासारखं जमिनीवर पोतं टाकून बसवावं, मध्ये दोरी बांधून बायका एकीकडे, पुरुष एकीकडे करावेत, आणि ऐन मारामारीत रीळ बदलायचं म्हणून पडदा पांढरा करावा.

पुस्तकांसाठी पुण्याला अप्पा बळवंत चौकापर्यंत जायची गरज नाही. रद्दीवाल्याच्या काट्याजवळ उभं राहिलं तरी भागतं. दिवाळी अंक मागच्या दहा-पंधरा वर्षांतला घ्यावा. राशिभविष्य खरं ठरलं की नाही ते लगेच तपासता येतं. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यातली एखादी मिळाली तर शेवटचे सोळा पानांचे फॉर्म गळालेली प्रत निवडावी. पूर्ण प्रतीत खुनी एकच निघतो. अपुऱ्या प्रतीत तो पारावर बसणाऱ्या प्रत्येकाचा वेगळा निघतो, आणि ती चर्चा पावसाळाभर पुरते.

रात्रीच्या लाइटीला दारं धरताना मोबाइलवर जुना सिनेमा चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालेल. मात्र एक सरी फुटून पाणी शेजाऱ्याच्या वावरात गेलं तर 'पिंजरा' लागला होता हे कारण पंचांपुढं टिकत नाही.

शेवटी घरातल्या बैठकीचं. एकट्यानं बघू नये. किमान दहा माणसं बोलवावीत, पायताणं दारात एकमेकांत मिसळतील अशी काढायला लावावीत आणि मोबाइल ज्वारीच्या कोठीत ठेवावेत. इन्व्हर्टर असल्यास तो बंद असल्याची खात्री करावी. गोष्ट रंगात आली की मेन स्विच पाडायचं काम घरातल्या सगळ्यात धाकट्या पोराकडं द्यावं. ते पोरगं पैसे मागत नाही, आणि स्विच पुन्हा कधी वर करायचा हेही त्याला सांगून ठेवू नये.