शाळा ते कोर्ट : एक अल्पांतराची मोहीम

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकारात अंतराला फार मान आहे. हिमालय, युरोप, निदानपक्षी गोवा गाठल्याखेरीज वर्णनास पात्रता येत नाही असा समज रूढ असल्यामुळे, हिंगणघाटातील एखाद्या शाळेच्या फाटकातून निघून त्याच गावच्या न्यायालयात पोहोचणारी विद्यार्थ्यांची सहल या वाङ्मयात उपेक्षितच राहते. वास्तविक हिच्या पूर्वतयारीपुढे गिर्यारोहकांनी नम्र व्हावे. न्यायाधीशांकडे परवानगीचा अर्ज, पालकांची संमतिपत्रे, ऊन चढण्याआधी निघण्याचा निर्धार आणि ऊन चढल्यावर प्रत्यक्षात निघणे, एवढे टप्पे पार पडल्यावरच पहिले पाऊल उचलले जाते. केंद्रीय मंडळाच्या शाळांत अकरावी-बारावीला ‘विधी अध्ययन’ नावाचा, म्हणजे कायद्याची तोंडओळख करून देणारा ऐच्छिक विषय असतो. राज्य मंडळाच्या मुलांची ही गरज नागरिकशास्त्र भागवते. दोन्हीकडची मुले कोर्टात मात्र एकाच कारणासाठी येतात: त्या दिवशी तास होत नाहीत.

ज्या गावात ही मोहीम घडते त्याला मोहिमांचे वावडे नाही. वणा नदीकाठचे हे कापसाचे गाव एका फार मोठ्या प्रवासाचे शेवटचे ठाणे आहे. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने 1802 साली मद्रासजवळ जमिनीवर साखळी अंथरून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास, म्हणजे त्रिकोणांची साखळी जुळवीत देश मोजण्याच्या उद्योगास, आरंभ केला. कोन मोजण्याचे त्याचे थिओडोलाइट हे यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. समुद्रमार्गे येताना ते फ्रेंचांच्या हाती पडून परत मिळाले, पुढे तंजावरच्या देवळावर चढविताना दुखावले, तरी मोजणी थांबली नाही. हैदराबादेहून नागपूरकडे जाताना जानेवारी 1823 मध्ये लॅम्बटन हिंगणघाटला वारला व येथेच पुरला गेला. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले आणि जगातल्या सर्वोच्च शिखराला नाव मिळाले ते एव्हरेस्टचे. लॅम्बटनच्या वाट्याला हिंगणघाटात कबर आली. या वाटणीविरुद्ध दावा लावण्याची मुदत केव्हाच संपली आहे.

न्यायालयाचे आवार म्हणजे न्यायदालन नव्हे, ही पहिली गोष्ट मुलांना पायांनी कळते. तालुक्याच्या कोणत्याही कोर्टाभोवती झाडांच्या सावलीला टंकलेखक, मुद्रांक विक्रेते, नोटरी, झेरॉक्सवाले आणि चहावाले यांची वसाहत असते. पक्षकार, म्हणजे ज्याचे भांडण आहे तो मनुष्य, प्रथम या वसाहतीतून गाळून मगच आत जातो. आलूबोंड्याचा वास विधी अध्ययनाच्या पुस्तकात कोठेही नमूद नसल्याने तुकडीचा निम्मा भाग येथेच रेंगाळतो, आणि शिक्षक मुद्देमालाची, म्हणजे गुन्ह्यात जप्त झालेल्या वस्तूंची, नोंद करावी तशी पुन्हापुन्हा डोकी मोजतात.

आत शिरल्यावर पहिला आघात होतो तो हिंदी चित्रपटावर. न्यायाधीशांच्या टेबलावर लाकडी हातोडा नसतो. भारतीय न्यायालयांत तो वापरण्याची पद्धतच नाही. गीतेवर हात ठेवविणारा कोणी नसतो. साक्षीदाराने ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक कथन करावे, एवढेच 1969 च्या शपथ अधिनियमाला पुरते. बारा वर्षांखालील मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल, पण खरे बोलण्याचे कर्तव्य कळत असेल, तर त्याची साक्ष शपथेविना घेता येते. ही तरतूद ऐकून अकरावीच्या मुलांना आपण पाच वर्षे उशिरा आल्याची हळहळ वाटणे स्वाभाविक होय. शिवाय कोणी ओरडत नाही. दोन वकील न्यायाधीशांसमोर इतक्या सौम्य आवाजात काही बोलतात की मागच्या बाकावरून तो बँकेतील व्यवहार वाटावा.

आवाज असतो तो फक्त पुकाऱ्याला. पुकारा म्हणजे प्रकरण निघाले की शिपायाने दाराशी उभे राहून पक्षकारांच्या नावाने दिलेली हाक; ती ऐकून हजर न होणाऱ्या वादीचा दावा खारीज होऊ शकतो. हजेरीच्या सवयीने वाढलेल्या मुलांपैकी एखाद्या नामसाधर्म्य असलेल्याच्या तोंडून अशा वेळी ‘हजर, सर’ निघून गेल्यास त्याला न्यायालयाचा अवमान म्हणता येणार नाही. उलट, संपूर्ण दालनात तत्काळ हजर झालेला तो एकमेव पक्षकार ठरतो.

फौजदारी बाजूस आकड्यांचा घोळ आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि फसवणुकीचे कलम 420 वरून 318 वर गेले. मात्र त्या तारखेपूर्वीचे गुन्हे जुन्या संहितेनेच चालत असल्यामुळे दोन्ही आकडे एकाच बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामांच्या यादीवर, शेजारी नांदतात. मराठी माणसाने मात्र ‘चारशेवीस’ ही शिवी अद्याप बदललेली नाही आणि ‘तीनशे अठरा’ म्हटल्याने कोणाला राग येईल असा भरवसाही वाटत नाही.

तथापि मोहिमेचा कळस दिवाणी बाजूस असतो आणि तो बहुधा धुऱ्यावर येतो. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. वऱ्हाडापासून वर्ध्यापर्यंत या हातभर रुंदीच्या पट्ट्याने जेवढे भाऊ वेगळे केले तेवढे लग्नांनीही केले नसतील. धुरा शेजाऱ्याने कोरला म्हणून दावा लागतो. दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईहुकमाचा अर्ज येतो, ज्याला तो पाचव्या क्रमांकाचा कागद म्हणून नोंदला जात असल्याने ‘निशाणी 5’ म्हणतात. मग ‘जैसे थे’चा आदेश होतो, म्हणजे निकालापर्यंत कोणी काही हलवायचे नाही, आणि कापूस सोडून बाकी सर्व वाढत राहते. जागेवर जाऊन पाहण्यासाठी कोर्ट कमिशनर नेमला जातो, भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक यंत्र घेऊन येतो, मोजणीचा नकाशा तयार होतो आणि ज्याच्या विरुद्ध जातो तो पक्षकार फेरमोजणी मागतो. लॅम्बटनने एवढी माणसे विचारात घेतली असती तर तो मद्रासच्या वेशीवरच अडकला असता.

खरा प्रवासी हा दावाच आहे, हे येथे ध्यानात यावे. मुले फार तर दीड-दोन किलोमीटर चालतात. दावा मात्र पेशीपेशीने, म्हणजे तारखेतारखेने, पहिल्या न्यायालयातून जिल्हा न्यायाधीशांकडे अपिलात, तेथून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे आणि क्वचित दिल्लीपर्यंत जातो, आणि वाटेत त्याचे वादी बदलतात, कारण आजोबांच्या जागी वारस म्हणून नातू नोंदला जातो. सुनावणीच्या काळात एका पक्षाला तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नये असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. हे वाक्य शिक्षक मुलांना मोठ्याने वाचून दाखवितात तेव्हा मागच्या बाकावरचे पक्षकार अत्यंत आदराने ऐकतात.

न्यायाधीशांनी मुलांसाठी वेळ काढलाच तर हाती लागणारी सर्वांत कामाची माहिती 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमातील असते: स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या चेहऱ्यावर यामुळे उमटणारे समाधान, प्रतिवादी म्हणून शाळेचे नाव मनात आल्याचे निदर्शक असते. पण गृहपाठाविरुद्ध मनाईहुकूम देण्याचे अधिकार दिवाणी न्यायालयास नाहीत.

ज्या प्रौढ वाचकास ही मोहीम स्वतंत्रपणे काढावयाची असेल त्याने जाणून असावे की न्यायालये साधारणपणे खुली असतात आणि जागा असेल तोवर कोणालाही मागे बसून कामकाज पाहता येते. तिकीट नाही, जवळ काही खटला असण्याचीही अट नाही. मोबाइल बंद ठेवावा, दुसरा व चौथा शनिवार टाळावा आणि आलूबोंडा बाहेरच संपवावा.