आधी वायर मोजा

दगडखाणीवरच्या पोकलेनच्या डॅशबोर्डवर एक दिवा लागला, मग दुसरा, आणि इंजिनाने ताकद सोडली. बकेट दगडात घुसायचे, पण भरून वर यायचे नाही. मशीन माझ्या मावसभावाचे, हप्ताही त्याचाच. सर्व्हिसवाल्यांचा मुलगा आला, लॅपटॉप जोडला, कोड वाचला. धुराच्या नळीच्या शेवटाला बसवलेला, धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सर बोलत नव्हता. सेन्सर बदलला. मशीन दोन दिवस चालले आणि तोच कोड परत आला. आणखी एक नवा सेन्सर बसला. तिसऱ्या दिवशी तोही गप्प.

मग भावाने तालुक्याहून वायरमन काकांना आणले. काकांनी सेन्सर खोललाच नाही. त्याचा कपलर काढला आणि मल्टिमीटर लावला. २४ व्होल्ट, अगदी बरोबर. एवढ्यावर थांबणारे खूप आहेत. काकांनी खिशातून हेडलाइटचा २४ व्होल्टचा बल्ब काढला आणि सप्लाय व अर्थच्या पिनांवर जोडला. बल्ब नुसता लाल झाला, मीटर १३ वर उतरला. वायर हाताने चाचपत मागे गेले, तेव्हा एका क्लॅम्पखाली अर्थची वायर घासून घासून दोन तारांवर आलेली सापडली.

मल्टिमीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, म्हणून एका तारेतूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. नॉक्स सेन्सरला मात्र करंट लागतो. त्याच्या टोकाची सिरॅमिक पट्टी सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवावी लागते. तीही इंजिन सुरू होताच तापवत नाहीत, कारण नळीत पाण्याचे थेंब असले तर तापलेली पट्टी तडकते. धूर पुरेसा गरम झाला की मग हीटर चालू होतो आणि त्याच क्षणी ती दोन तारांची वायर हात टेकते. नुसती चावी फिरवून केलेली तपासणी म्हणूनच इथे निकामी. आणि नवा सेन्सर दोन दिवस का चालला? बसवताना हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, ओढला गेला, तुटक्या तारा तात्पुरत्या एकमेकींना टेकल्या. गुण आला ओढाताणीने, बिल झाले सेन्सरचे.

माझा राग त्या मुलावर नाही. त्याला शिकवलेच तसे आहे: कोडमध्ये ज्याचे नाव, तो बदल. पण कोडला दोन आकडे असतात आणि दुसरा कोणी वाचत नाही. पहिला जागा सांगतो, दुसरा तिथे काय बिघडले ते. जड यंत्रांच्या प्रमाणित पद्धतीत ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेले, ९ म्हणजे निरोप वेळेवर येत नाही. सुटा भागच खराब असेल तर त्यासाठी १२ आहे. आमच्या मशीनवर ९ होता. सेन्सर मेला, असे त्या कोडने एकदाही म्हटले नव्हते.

असेच पाच कोड एकदम येतात, तेव्हा पाच सेन्सर एका रात्रीत मरत नाहीत. अनेक सेन्सरना ५ व्होल्टचा सप्लाय एकाच ठिकाणाहून जातो. त्यातला एक शॉर्ट झाला की सगळे आंधळे. एकेक कपलर काढत जा, ज्याच्या काढण्याने ५ व्होल्ट परत येतात तो गुन्हेगार. सेन्सर आणि कंट्रोलर ज्यांवरून एकमेकांना निरोप देतात, त्या पीळ दिलेल्या दोन वायरींचेही तसेच. बॅटरी काढून दोन्हींमध्ये रेझिस्टन्स मोजा. दोन टोकांना १२० ओमचे एकेक रेझिस्टर असते, म्हणून ६० दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक रेझिस्टर गेले किंवा वाटेत वायर तुटली, शून्याजवळ दिसले तर वायरी एकमेकींना चिकटल्या. मोजायला पाच मिनिटे पुरतात. (काकांचा बल्ब मात्र इथे किंवा ५ व्होल्टच्या वायरीवर लावू नका, कंट्रोलर जळेल.)

भारतात बांधकामाच्या यंत्रांना प्रदूषणाचा चौथा टप्पा एप्रिल २०२१ पासून लागू झाला आणि पाचवा जानेवारी २०२५ पासून. टप्प्यागणिक सेन्सर वाढले, वायरी वाढल्या, कपलर वाढले. मशीन मात्र त्याच धुळीत, त्याच उंदरांच्या सोबतीला उभे असते. धुताना कपलरवर प्रेशरने पाणी मारले जाते आणि पिना हिरव्या पडतात. धूर स्वच्छ करायला वापरायचे युरियाचे द्रावण कपलरमध्ये झिरपले तर तांबे खाते. चेसिसला वेल्डिंग करताना बॅटरीची केबल काढायचे कोणाच्या लक्षात राहत नाही.

सेन्सरची वायर उंदराने तोडली की मालकाने मुद्दाम उपटली, हे कंट्रोलरला कळत नाही. लबाडी रोखायला केलेल्या नियमाने तो दोन्ही वेळी इंजिनाची ताकद कापतो. नियम हवाच. पण मग प्रामाणिक मालकाला चटकन दुरुस्ती मिळेल याची जबाबदारी मशीन विकणाऱ्यावर टाका. वायरिंगचा नकाशा मशीनबरोबर द्या. आज तो बाहेरच्या वायरमनला सरळ मार्गाने मिळत नाही, काकांनी सगळे हाताने चाचपून शोधले. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले, त्यात शेतीची अवजारे घेतली, मोटारी घेतल्या, मोबाइल आणि घरातली उपकरणेही घेतली. खाणीवरच्या पोकलेनला त्या चार गटांत स्वतःचे नाव नाही.

दुरुस्ती अशी महाग आणि आंधळी राहिली की बायपासवाला दारात येतोच. छोटा डबा लावतो, कंट्रोलरला खोटे आकडे पुरवतो, युरिया बंद, दिवा बंद. भावालाही सल्ला मिळाला होता. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच पहिल्या गटात नोंदवले. खाणीत तो धूर पहिल्यांदा कोणाच्या छातीत जातो? ऑपरेटरच्या, आणि बकेटच्या मागे उभ्या असलेल्या हेल्परच्या. त्यांना विचारून कोणी डबा लावत नाही.

मालकांनाही एक सांगायचे आहे, भावालाही सांगितले. दोन सेन्सरचे पैसे त्याने मुकाट्याने भरले. काकांनी चार तास उन्हात हार्नेस सोलला, तेव्हा तो म्हणाला, "काका, वायरच तर जोडली, त्याचे एवढे?" काकांनी वाद घातला नाही. जोडलेल्या जागेवर टेप गुंडाळली, बल्ब पुन्हा लावून दाखवला. लख्ख पेटला. मग त्यांनी पहिल्या दिवशी काढून टाकलेला जुना सेन्सर मागवला. तो केबिनमागच्या पेटीत पडून होता. काकांनी तो पुसून बसवला आणि मशीन चालू करायला सांगितले.

अजून तोच चालतो आहे. भावाने काकांना पूर्ण पैसे दिले, आणि दोन नवे सेन्सर आता पेटीत आहेत.