ओळीच्या उंबरठ्यावर

साध्या मजकुरात टिपणांचा आराखडा लिहिणं म्हणजे मोकळेपणा, असं म्हणतात. पण त्या मजकुराचा पहिला वाचक असतो पार्सर, म्हणजे खुणा ओळखून रचना लावणारा प्रोग्राम, आणि तो फार सोवळ्यातला! कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ साली सुरू केलेल्या ऑर्ग-मोडमध्ये तारका ओळीच्या अगदी कडेला, पुढे मोकळी जागा सोडून बसली की ती मथळा. तीच एक घर आत सरकली की यादीतला किरकोळ मुद्दा. एका स्पेसने पदावनती. सरकारी खात्यातही याला चौकशी लागते.

जॉन ग्रुबर यांच्या मार्कडाउनची (२००४) तऱ्हा निराळी. इंग्रजी आकड्यांतल्या वर्षाने, टिंब देऊन, ओळ सुरू केलीत की छापून येतो मुद्दा क्रमांक एक. वर्ष गायब. ते वाचवायचं तर टिंबाआधी उलटी तिरकी रेघ मारा. पुढे मार्कडाउनचे नियम काटेकोर मांडणाऱ्या कॉमनमार्कने शिस्त आणली: परिच्छेद मध्येच तोडणारी यादी एकपासूनच सुरू व्हावी, आणि क्रमांक नऊ आकडी असावा फार तर, कारण दहावा आकडा आला की काही ब्राउझर गडबडतात. शंभर कोटी मुद्दे मांडणाऱ्या वक्त्यांनी नोंद घ्यावी.

आपलं देवनागरी ‘१.’ मात्र या नियमांना आकडाच वाटत नाही. यादी होतच नाही. अपमान खरा, पण ‘१९६०.’ लिहून ओळ सुरू केली तरी महाराष्ट्राची स्थापना जागच्या जागी राहते.