रा. रा. सेट-टॉप बॉक्स (रेकॉर्डिंगवाले) यांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री सेट-टॉप बॉक्स, रेकॉर्डिंगवाले, मुक्काम टीव्हीखालची फळी, यांस दिवाणखान्यातील समस्त मंडळींचा नमस्कार. विज्ञापना ऐसी की, बॉक्सरावांना घरच्या वायफायशी जोडण्याचे कार्य फोनच्या मध्यस्थीने पार पाडावे असा जो प्रघात पडला आहे, त्याविषयी काही निवेदन करणे आवश्यक झाले आहे.

आरंभी बॉक्सरावांचा अधिकार मान्य करणे न्यायाचे ठरेल. या जातीच्या यंत्रात एक हार्ड डिस्क असते, किंवा बाहेरून लावलेला पेन ड्राइव्ह तिचे काम करतो. डिशवरून आलेला कार्यक्रम तिच्यावर साठवला जातो आणि प्रेक्षक तो आपल्या सवडीने पाहतो. ही सवड सहजासहजी मिळालेली नाही. घरच्या घरी कार्यक्रम मुद्रित करून नंतर पाहणे हा स्वामित्वहक्काचा भंग नव्हे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोनी कंपनीच्या बीटामॅक्स यंत्राच्या खटल्यात १९८४ साली दिला तो पाच विरुद्ध चार मतांनी. म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी मालिका लागली तर जेवण आधी उरकून घेण्याची मुभा एका न्यायमूर्तींच्या मतावर तरली, असे म्हणता येते. पुढे १९९९ मध्ये टीव्हो या यंत्राने फितीची जागा हार्ड डिस्कला दिली, आणि बॉक्सरावांचे घराणे त्या शाखेतले आहे.

त्यांच्या श्रवणशक्तीविषयीही दुमत नाही. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, पृथ्वीच्या फिरण्याशी गती जुळवल्यामुळे एका जागी खिळल्यासारखा भासणारा जो उपग्रह असतो, त्याच्याकडून येणारा अतिक्षीण संदेश गच्चीवरची किंवा खिडकीच्या गजाला आवळलेली डिश गोळा करते आणि बॉक्सराव त्यातून चित्र आणि आवाज बिनचूक वेगळे काढतात. जोराचा पाऊस आडवा आला तरच काय ते त्यांचे लक्ष विचलित होते. तथापि घरातली डिश केवळ ऐकते, बोलत नाही. बाहेरगावाहून फोनवर ‘आजचा भाग ठेव’ असे सांगायचे असेल, किंवा मागणीनुसार चित्रपट हवा असेल, तर अलीकडच्या बॉक्सना परतीची वाट लागते, आणि ती वाट शेजारच्या खोलीतल्या राउटरमधून जाते. अंतराळातल्या उपग्रहाचे बोलणे ज्यांना समजते, त्यांची बारा फुटांवरच्या राउटरशी मात्र ओळख नाही आणि ती तिऱ्हाइताने करून द्यावी लागते, हा प्रस्तुत पत्राचा विषय आहे.

तिऱ्हाईत म्हणजे फोन. बॉक्सरावांना कळफलक नसतो. रिमोटच्या बाणांनी पडद्यावरचे एकेक अक्षर गाठत बारा अक्षरांचा पासवर्ड भरणे म्हणजे चिमट्याने तांदूळ मोजण्यासारखे असल्यामुळे ज्याच्याकडे कळफलक आहे त्याला मध्ये घालावे, हा विचार मुळात शहाणपणाचाच आहे. त्याची प्रचलित पद्धत अशी की, बॉक्सराव काही मिनिटांपुरते स्वतःच एक लहानसे वायफाय केंद्र होतात. फोनने घरचे वायफाय सोडून त्या केंद्रात जायचे, घरच्या वायफायचे नाव आणि पासवर्ड बॉक्सरावांच्या कानात सांगायचा, त्यानंतर बॉक्सरावांनी आपले केंद्र मोडून राउटरकडे जायचे आणि फोननेही स्वगृही परतायचे. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाला आधी वराच्या घरी मुक्कामाला नेऊन ठेवावे, त्या मुदतीत त्याला वधूकडच्यांशी बोलण्यास मनाई असावी, आणि बोलणी फिसकटल्यास खापर मात्र त्याच्याच माथी फुटावे, तशी ही रचना आहे.

बोलणी फिसकटण्याची कारणे एकमेकांशी संबंध नसलेली असतात, हे येथे विस्ताराने नोंदवणे भाग आहे. बॉक्सरावांच्या तात्पुरत्या केंद्रात इंटरनेट नसते. फोन ते तपासून पाहतो, ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही’ असे जाहीर करतो आणि मालकाचे भले करण्याच्या हेतूने गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो, त्यामुळे पासवर्ड बॉक्सरावांपर्यंत पोहोचतच नाही. मोबाइल डेटा पाच मिनिटे बंद ठेवणे एवढाच याचा उपाय असतो. दुसरे कारण परवानगीचे. आसपासच्या वायफायच्या नावांवरून मनुष्य कोठे आहे याचा अंदाज बांधता येत असल्यामुळे अँड्रॉइडच्या २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून ती नावे शोधणाऱ्या ॲपला स्थानाची परवानगी द्यावी लागते (२०२२ च्या तेराव्या आवृत्तीत ‘जवळची उपकरणे’ अशी निराळी परवानगी आली), आणि टीव्हीखालच्या बॉक्सला घराचा ठावठिकाणा कशाला हवा, असा रास्त संशय घेऊन घरातील सावध माणूस नेमका ‘नाही’वर बोट ठेवतो. तिसरे कारण लहरींचे आहे. राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर बोलतो: २.४ गिगाहर्ट्झ, जी भिंतींतून त्यातल्या त्यात बरी जाते, आणि ५ गिगाहर्ट्झ, जी वेगवान असली तरी भिंतीपाशी लवकर दमते. अनेक बॉक्सना पहिलीच पट्टी समजते, आणि वायफायच्या नावापुढे ‘५जी’ असे शेपूट दिसले की ते मोबाइलच्या पाचव्या पिढीचे समजून मंडळी मोठ्या अभिमानाने तेच निवडतात. राउटर केवळ डब्ल्यूपीए-३ या २०१८ साली आलेल्या नव्या सुरक्षापद्धतीवर ठेवलेला असेल, तर जुन्या बॉक्सला त्याची भाषाच कळत नाही. आणि पासवर्ड चुकणे हे तर सनातन कारण आहे. त्यात मराठी घराची एक खास अडचण अशी की, ज्या लिपीत मोठे अक्षर आणि लहान अक्षर असा भेदच नाही, त्या लिपीत वाढलेल्या माणसाला राउटरच्या तळाशी चिकटवलेली चिठ्ठी भिंगाने वाचताना ‘एस मोठा की लहान’ आणि ‘हे शून्य की ओ’ हे दोन प्रश्न परगावच्या नातवाला फोन करून विचारावे लागतात, आणि तो फोन तर बॉक्सरावांच्या सेवेत गुंतलेला असतो.

या पाचही कारणांवर बॉक्सरावांचे उत्तर एकच: ‘जोडणी अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा.’ वस्तुतः पासवर्ड आलाच नाही, आला पण राउटरने नाकारला, की त्या नावाचा राउटर मुळी सापडलाच नाही, हे तीन भिन्न प्रसंग आहेत आणि यंत्राच्या पोटात ते एकमेकांपासून ओळखता येतात. उपग्रहाचा संदेश तुटला की हेच बॉक्सराव पडद्यावर क्रमांकासह निवेदन करतात, केबल तपासावी असा सल्लाही देतात. मौन केवळ वायफायच्या बाबतीत आहे. ते अज्ञानाचे नसून संकोचाचे असावे, असे मानण्यास जागा आहे.

डब्ल्यूपीएस नावाची एक सोपी वाटही २००६ पासून उपलब्ध आहे, जिच्यात राउटरवरचे एक बटण आणि बॉक्सवरचे एक बटण दोन मिनिटांच्या आत दाबले की पासवर्डाविना सोयरीक होते. तिच्या आठ अंकी पिनच्या प्रकारात मात्र अखेरचा अंक पडताळणीचा असतो आणि उरलेले सात अंक चार व तीन अशा दोन तुकड्यांत तपासले जातात, त्यामुळे दहा कोटींऐवजी अकरा हजार प्रयत्नांत कुलूप उघडते, हे २०११ च्या अखेरीस उघड झाले. तेव्हापासून जाणकार ती सोय राउटरमध्ये बंद ठेवण्यास सांगतात. पिनच्या पापाची शिक्षा बिचाऱ्या बटणालाही भोगावी लागली.

तरी विनंती एवढीच की, पुढील खेपेस नकार देताना बॉक्सरावांनी नकाराचे कारणही पडद्यावर लिहावे, आणि ते देवनागरीत लिहिता आल्यास उत्तम. मालिकेची सर्वाधिक ओढ ज्यांना असते त्या आजींना फोनची किमया येत नसली तरी वाचता उत्तम येते. कळावे, लोभ असावा. उत्तर पडद्यावरच द्यावे. फोन अद्याप बॉक्सरावांच्याच वायफायला जोडलेला असून मोबाइल डेटा बंद असल्यामुळे त्यावर सकाळपासून एकही निरोप आलेला नाही.