डेटवाले काका

न्यू जर्सीत चार मराठी घरं असली की त्यात एक डेटवाले काका असतातच. वकिलीशी त्यांचा संबंध एवढाच, की स्वतःच्या ग्रीन कार्डापायी त्यांनी तीन वकील बदलले. गणपतीच्या आरतीनंतर ते नवख्याला गाठतात. गाव, आडनाव सगळं नंतर, पहिला प्रश्न, "प्रायोरिटी डेट काय?" म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा कधीपासून. समोरचा "ईबी टू, मार्च 2015" म्हणाला, की पत्रिकेत कडक मंगळ दिसल्यासारखा त्यांचा चेहरा होतो.

मग व्याख्यान. नोकरीच्या कोट्यात वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीन कार्डं. त्यात एका देशाला 7 टक्के. "आणि गंमत बघा, नोकरी नवऱ्याची, पण बायको-पोरांचे नंबरही त्याच कोट्यातून कापतात! घर वाढलं की रांग वाढली!" हे सांगताना ते दोन मुलं असलेल्यांकडे जरा रोखूनच बघतात.

घर म्हणजे कोण, हेही तेच ठरवतात. नवरा किंवा बायको आणि 21 च्या आतली, बिनलग्नाची मुलं. संपलं. कुणाच्या तरी आईनं एकदा भीत भीत विचारलं, "आणि आम्ही?" काका म्हणाले, "तुमचं नाव आहे की फॉर्मात, वहिनी. जन्मतारखेसकट आहे. पण माहितीपुरतं."

कागद तपासताना मात्र त्यांना तोड नाही. जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी असेल, तर प्रतिज्ञापत्रं लागतात. एका आत्यानं 'मी जन्मवेळी हजर होते' असं झोकात लिहून पाठवलं. आत्या तेव्हा चार वर्षांची होती, हे काकांनीच पकडलं.

त्यांचा खरा हातखंडा मुलांच्या वयाच्या हिशेबात. 2002 च्या कायद्यानं, नंबर लागेल त्या दिवशीच्या वयातून कंपनीचा आय-140 अर्ज जितके दिवस पडून होता तितके दिवस वजा होतात. मुलगी 21 वर्षं चार महिन्यांची, अर्ज सात महिने पडून. म्हणजे कायद्याला ती वीस वर्षं नऊ महिन्यांची. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मग माझ्यातूनही वजा करा की काहीतरी!" काकांचं लक्ष नव्हतं. ते एका बापावर डाफरत होते. त्यानं कंपनीमागे लागून प्रीमियम प्रोसेसिंग करून घेतलं होतं. "बारा दिवसांत मंजूर! आता पोरीच्या वयातून वजा काय करणार? बारा दिवस? सरकारी दिरंगाईचा एवढा फायदा दुसरीकडे कुठे मिळतो का? तोही तुम्ही घालवलात!"

अविवाहितांवर त्यांचा विशेष लोभ. "कार्ड मंजूर व्हायच्या आत लग्न उरक. नंतर केलंस तर बायको दुसऱ्या रांगेत." आणि मग आवाज खाली आणून, "बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असली, तर तिच्या देशाची रांगसुद्धा धरता येते. नेपाळची बघ. भूतानही चालेल."

सांगलीहून अशाच एका मुलाच्या आईनं फोटोसकट बायोडेटा पाठवला. मुलगी एमटेक, गाते, स्वभावानं लाघवी. काकांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि फोन केला.

"मुलगी लाखात एक आहे हो वहिनी. पण जन्म इचलकरंजीचा."